सिस्टर बदलून गेल्या

मे महिन्यातली कुठलीही एक रात्र घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेनऊच्या सुमारास एकापाठोपाठ तीन गोष्टी येऊन पडतात. पहिली, बदल्यांची यादी. दुसरी, सर्पदंशावरच्या उपचारांची सुधारित मार्गदर्शक सूचना असलेली जाडजूड पीडीएफ, वर एक ओळ : ‘सर्वांनी काळजीपूर्वक वाचून तंतोतंत अंमलबजावणी करावी.’ तिसरी, तालुक्याच्या साहेबांचा वाढदिवस. तिन्हींखाली सारखेच अंगठे, सारखेच ‘नोटेड सर’. झोपेपर्यंत पन्नास अंगठे जमतात आणि वरच्या कार्यालयाच्या हिशेबी पन्नास जणांचे प्रशिक्षण पार पडलेले असते.

प्रत्यक्षात काय होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. यादी लोक दोन बोटांनी मोठी करकरून वाचतात. कोण सुटले, कोण अडकले, कुणाचे ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ झाले, कुणाला पुन्हा अवघड क्षेत्र मिळाले, यावर मध्यरात्रीपर्यंत फोन चालतात. पीडीएफ मात्र बाण खाली करून ठेवलेली, न उघडलेली. यावर व्याख्याने देणारे पुष्कळ आहेत : कर्मचाऱ्यांना ज्ञानाची आस नाही, बदलीपलीकडे डोके चालत नाही, वगैरे. मला हे मान्य नाही. माझ्या मते त्या रात्री ग्रुपवर आलेली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय बातमी ती यादीच असते. पीडीएफ दुसऱ्या क्रमांकावर. चूक यादी वाचणाऱ्यांची नाही. यादी काढणाऱ्यांना ती वैद्यकीय बातमी वाटत नाही, तिला ते ‘आस्थापनेचा विषय’ म्हणतात, चूक तिथे आहे.

असे का म्हणतो, ते सर्पदंशाच्याच गोष्टीवरून सांगतो.

रात्री भात लावून आलेला माणूस घोंगडीवर झोपतो, पहाटे पोटात कळ घेऊन उठतो, पापण्या जड, आवाज घोगरा. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. हा मण्यार. घोणस किंवा फुरसे असेल तर गोष्ट वेगळी : हिरड्यांतून रक्त, सूज, आणि रक्त गोठतच नाही. ते गोठते की नाही हे बघायची एक चाचणी आहे. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त गठ्ठा होऊन राहिले तर ठीक, ओघळले तर विष रक्तात आहे. प्रयोगशाळा नको, वीज नको, तंत्रज्ञ नको. खेड्यातल्या दवाखान्यासाठीच जणू शोधलेली चाचणी.

पण तिची एक मेख आहे. नळी काचेचीच हवी, कोरडी हवी, आणि साबणाच्या पावडरीने धुतलेली नको. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेवर गोठत नाही, साबण लागलेल्या काचेतही तसेच. म्हणजे नळी चुकली की ज्याला विष चढलेलेच नाही त्याला प्रतिविषाच्या दहा बाटल्या लागतात. सूचनेत हे सगळे लिहिलेले असते. पण आज दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक नळ्या प्लास्टिकच्या असतात. तेव्हा नव्या काचेच्या नळ्या कुणीतरी आठवणीने मागवाव्या लागतात, वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि सफाईला आलेल्या बाईंना ‘याला हात लावू नका’ असे दर आठवड्याला सांगावे लागते. हे ‘कुणीतरी’ म्हणजे एक विशिष्ट बाई असते. तिचे नाव त्या यादीत येते, ती कार्यमुक्त होते, आणि चाचणी तिच्याबरोबर निघून जाते. सूचना तिथेच राहते, फाइलला लावलेली.

माझी मावशी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मुख्यालयी एएनएम होती. तिच्या नळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. का, तर बिस्किटांचा डबा कुणी आवरत नाही, उघडून बघते आणि ठेवून देते. वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात हे वाक्य सापडणार नाही. पण त्या केंद्रात फुरसे चावलेल्या माणसाचे निदान त्या डब्यावर अवलंबून होते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याचे जाळे कागदावर मोठे देखणे आहे. आठ परिमंडळे, प्रत्येकावर उपसंचालक; खाली जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये; सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र; त्याखाली पाच हजारांमागे किंवा तीन हजारांमागे उपकेंद्र. मुळाशी १९४६ च्या भोर समितीची कल्पना आहे, पुढे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने तिच्यावर बरेच मजले चढवले. आतून बघितले तर या जाळ्याला दोन मालक दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे, त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक. दोन्ही दवाखाने एकाच रस्त्यावर दहा किलोमीटरवर असतील, साप चावलेला माणूस एकातून दुसऱ्यात त्याच रात्री जाईल, पण दोघांची परिपत्रके वेगळी, ग्रुप वेगळे, बदल्यांच्या याद्या वेगळ्या. ग्रामीण रुग्णालयातले भूलतज्ज्ञ बदलून गेले ही बातमी केंद्रातल्या डॉक्टरला कळते ती प्रसूतीच्या बाईला गाडीत घालून पाठवल्यावर, तिकडून ‘इथे कुणी नाही, पुढे न्या’ असा फोन आल्यावर. मग ती बाई आणखी पन्नास किलोमीटर पुढे जाते. या वेळी कुणाच्या ज्ञानात उणीव होती? सिझेरियन कधी करावे हे दोन्हीकडच्या माणसांना पाठ होते. फक्त एक कर्मचारीविषयक बातमी दहा किलोमीटर चालली नाही.

आता मे महिन्याबद्दल. शासकीय बदल्यांचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्राने २००५ साली केला. साधारणपणे तीन वर्षांचा पदावधी आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मेमध्ये, हे त्याचे सार. हेतू चांगला होता : मर्जीच्या आणि सूडाच्या बदल्यांना वेसण घालणे, आणि मुलांची शाळा मध्येच तुटू नये हे पाहणे. महसूल खात्याला, बांधकाम खात्याला हे वेळापत्रक सोयीचे असेल. आरोग्याला ते उलटे पडते. मेअखेर जुनी सिस्टर जाते, जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी रुजू होते, तिला क्वार्टरची चावी मिळेपर्यंत मृग लागलेला असतो. साप बाहेर पडतात ते याच दिवसांत. विहिरींत गढूळ पाणी उतरते, हगवण सुरू होते. कोकणात भाताच्या चिखलात लेप्टो येतो, गडचिरोलीत हिवताप. ओढ्यापलीकडच्या वाड्यांचा रस्ता तुटतो. कुठली गरोदर बाई कुठल्या वाडीवर आहे आणि पाऊस लागण्याआधी तिला अलीकडे आणून ठेवायला हवी, हे जिच्या डोक्यात असते ती नेमकी या पंधरवड्यात सामान ट्रकमध्ये चढवत असते. शेतकरी पेरणीच्या तोंडावर गडी बदलत नाही. आपले खाते दर वर्षी बदलते.

दिवाळीनंतर बदल्या कराव्यात, पावसाळा ओसरल्यावर, हे सुचवणे सोपे आहे. त्यावर शाळेचे उत्तर तयार असते आणि ते खोटे नाही. पण बदली मेमध्येच करायची तर निदान दोघी एकमेकींना भेटाव्यात, एवढे तरी व्हायला हवे. आज कार्यभार कसा हस्तांतरित होतो, बघण्यासारखे आहे. जडसंग्रह नोंदवही उघडतात. खुर्च्या मोजतात, कपाटे मोजतात, रक्तदाबाची यंत्रे मोजतात, एक बादली कमी भरली तर त्यावर अर्धा तास वाद होतो. दोघींच्या सह्या होतात. जुनी बाई शेवटच्या पगाराचा दाखला घेते की मोकळी. अतिजोखमीच्या मातांची यादी रजिस्टरमध्ये असते हे खरे, पण त्यातली अमुक बाई नवरा घरी असताना दार उघडत नाही आणि तिच्या सासूला आधी चहाला बसवावे लागते, हे रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचे? बादलीची पोच मिळते. हे हवेत विरून जाते.

इथे कुणी म्हणेल, हा तर भाबडेपणा झाला. शास्त्र माणसावर अवलंबून राहता कामा नये, म्हणून तर लेखी सूचना काढतात. कोणीही आले तरी तोच उपचार, तीच मात्रा. हा आक्षेप वजनदार आहे आणि निम्मा खरा आहे. पण ‘लेखी असले की होते’ या समजुतीची परीक्षा झालेली आहे, तीही मोठी. अमेरिकेतले शल्यविशारद आणि लेखक अतुल गावंडे यांच्या गटाने उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० दवाखान्यांत सुरक्षित प्रसूतीच्या एका तपासयादीचा प्रयोग केला. निम्म्या दवाखान्यांत यादी आणि तिच्यासोबत एक माणूस दिला, उरलेल्या निम्म्यांत नेहमीचीच पद्धत चालू ठेवली. तो ठरावीक दिवशी येई, प्रसूतीगृहात उभा राहून बघे, आणि नर्सशी बोले. रागावत नसे, अहवाल मागत नसे. दोन महिन्यांनी मोजले तेव्हा तिथे आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के पाळल्या जात होत्या, इतरत्र ४२. आठ महिन्यांनी तो माणूस गेला. बाराव्या महिन्यात पुन्हा मोजले तर ७३ चे ६२ झाले होते. यादी भिंतीवर होतीच. कमी झाला होता फक्त येऊन बोलणारा. आणि त्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही लपवू नये : मातांच्या व बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. तपासयादी पाळल्याने रक्त, औषध आणि वरचा दवाखाना उभा राहत नाही. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांनी यादीला नापास ठरवले. मला त्यात दुसरेच दिसते. सूचना ही बियाण्यासारखी असते, तिला मुरायला जमीन लागते, आणि जमीन म्हणजे तिथे टिकून असलेली माणसे व तिथे टिकून असलेला माल.

उलट दिशेची गोष्ट तर आपल्याच मातीतली आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तांबडा विंचू चावलेली माणसे येत, मुले येत. अंग घामाने निथळलेले, हातपाय बर्फासारखे, उलट्या, आणि काही तासांत छातीत पाणी भरून जीव जाई. पुस्तकात होते ते उपचार लागू पडत नव्हते. या डॉक्टरने केले काय, तर रोग्याजवळ बसून राहिला. रात्रभर. नाडी, रक्तदाब, घाम, लिहून ठेवत. १९८२ मध्ये त्या निरीक्षणांचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले, म्हणजे रक्तदाबासाठी आधीच मिळत असलेली साधी गोळी, आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीस-चाळीसवरून एक-दोनच्या आसपास उतरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या त्यांच्या पत्नीही या कामात लेखिका म्हणून बरोबरीने होत्या. पुढे २०११ मध्ये याच दोघांनी प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर रोगी आणखी लवकर सावरतो हे दाखवले, म्हणजे आपल्याच उपचारात सुधारणा केली. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘विंचवाचे डॉक्टर’ म्हणून कौतुक केले, ते योग्यच.

पण या गोष्टीतला मला छळणारा भाग वेगळा आहे. बिरवाडीहून ती माहिती लंडनच्या नियतकालिकापर्यंत गेली, कारण एका माणसात ती पाठवण्याची जिद्द होती. आपल्या जाळ्यात ती वर नेणारी वाट नव्हती. आजही नाही. परिपत्रक वरून खाली येते आणि अहवाल खालून वर जातो. अहवालात आकडे असतात : किती लसी, किती प्रसूती, किती नसबंदी. ‘आमच्याकडे या वर्षी मण्यार चावलेले तीन रोगी आधी पोटदुखीचे म्हणून आले’ या वाक्याला त्यात जागा नाही. मासिक सभेत तर नाहीच, कारण मासिक सभा उद्दिष्टाची असते. कोण मागे पडले, का पडले, पुढच्या महिन्यात कसे भरून काढणार. खालच्या माणसाने काही पाहिले असेल, ही शक्यताच सभेच्या विषयपत्रिकेत धरलेली नसते.

ती धरून बघणारे लोक होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावोगावच्या बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, आणि गावात काय घडले ते सांगत. कोणाला ताप, कोणाचे मूल वाळले, कुठल्या घरात डाग लपवून ठेवलेला कुष्ठरोगी आहे. नवे शिकायचे तेही त्याच बैठकीत. बातमी आणि धडा एकाच ताटात वाढले जात होते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बैठकीचे अनुकरण मात्र आपल्या जाळ्यात कोणी मनापासून केले नाही, कारण तिच्यात वरच्याला खाली बसून ऐकावे लागते.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दुसऱ्या टोकाने हेच सिद्ध केले. गावातल्याच बाईला नवजात बाळाची निगा, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला : ३९ गावांत हा प्रयोग, ४७ गावांशी तुलना, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. देशाने ही पद्धत २०११ मध्ये स्वीकारली आणि आशा ताई घरी जाऊन बाळ बघू लागल्या : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. निबंधापासून अंमलबजावणीपर्यंत बारा वर्षे गेली, त्याबद्दल स्वतंत्र लेख होईल. इथे मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की ती गावातली बाई बदलून जाणारी नव्हती. तिला कुठल्या मेच्या यादीची भीती नव्हती. शिकवलेले तिच्या हातात राहिले, आणि हात गावात राहिले.

आज आपल्या सगळ्या जाळ्यात न हलणारा धागा म्हणजे आशा. महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तर हजार. केंद्रात बंधपत्रित डॉक्टर वर्षभरासाठी येतो आणि पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला की जातो. अभियानातली नर्स अकरा महिन्यांच्या आदेशावर असते आणि दर वर्षी पुढच्या आदेशाची वाट बघते. कायम आरोग्यसेविकेची तीन-सहा वर्षांत बदली. आशा तेवढी तिथेच. आणि गंमत बघा, नावाप्रमाणे ती ‘कर्मचारी’ नाहीच, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. म्हणून कर्मचाऱ्यांच्या बातम्यांत ती नसते. तिची रुजू होण्याची नोंद कुणी ग्रुपवर टाकत नाही, तिला निरोप समारंभ नाही. उपचारांतले बदल तिच्यापर्यंत पोहोचतात ते गटप्रवर्तकाच्या तोंडून, तिसऱ्या हाताने. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा जागतिक सन्मान केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. जी जागची हलत नाही तिलाच जाळ्याने बाहेर उभे केले आहे.

एवढे म्हटल्यावर माझ्याच विरुद्ध बोलायला हवे, नाहीतर हा लेख म्हणजे ‘जुने ते सोने’ होईल. एकाच जागी वर्षानुवर्षे राहिलेला माणूस नेहमी शहाणा होतो असे नाही. तो कित्येकदा तिथला संस्थानिक होतो. प्रसूती लवकर उरकावी म्हणून बाळ जन्मायच्या आधीच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचायची खोड असते, ती पंधरा वर्षे एका जागी बसलेल्यांनाच अधिक असते, कारण त्यांना विचारणारा कोणी उरलेला नसतो. सापाच्या दंशावर करकचून दोरी बांधू नये हे किती काळ सांगितले जाते आहे, तरी दवाखान्यातलाच कुणी जुना माणूस ‘बांधलेले बरे’ म्हणतो आणि गाव त्याचे ऐकते, कारण तो जुना आहे. क्षयाची औषधे आधी आठवड्यातून तीनदा द्यायची पद्धत होती, २०१७ पासून ती रोज द्यायची झाली, वजनाप्रमाणे. नव्या लोकांना हे एका दिवसात कळले. जुन्यांच्या जिभेवर ‘एक दिवसाआड’ इतके बसले होते की रोग्याला ते त्याच सुरात सांगत राहिले. विसरणे हे शिकण्यापेक्षा अवघड असते, आणि विसरायला लावायला कधीकधी बाहेरून आलेला माणूसच लागतो.

शिवाय न्यायाची बाजू आहे. धडगाव, अक्कलकुवा, धारणी, भामरागड इथे कुणीतरी सात-आठ पावसाळे काढले तर तिला नाशिक-अमरावतीकडे यायचा हक्क आहे. ‘रोग्यांच्या हितासाठी तू तिथेच राहा’ असे शहरात बसून लिहिणे हा फार स्वस्त त्याग झाला. माझ्या मावशीनेही दोनदा बदली मागितली होती आणि एकदा ती मिळाली नाही म्हणून महिनाभर घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

म्हणून बदली थांबवा असे माझे म्हणणे नाही. बदलीला वैद्यकीय घटना माना, एवढेच म्हणणे आहे. वैद्यकीय घटना मानली की काही प्रश्न आपोआप पुढे येतात. आदेश काढणाऱ्याला विचारावे लागेल : या बाईबरोबर त्या केंद्रातून कुठले कौशल्य जाते आहे? नवजात बाळाला पिशवीने श्वास देता येणारी ती एकटीच होती का? मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा झटके येणाऱ्या गरोदर बाईला न घाबरता देणारी ती होती का? तसे असेल तर तिची जागा घेणारी तिच्याआधी आठ दिवस येईल, दोघी एकत्र ड्यूटी करतील, तिच्याबरोबर वाड्या फिरतील. आठ दिवसांचा दुहेरी पगार खात्याला जड जात नाही. जडसंग्रह नोंदवही तपासायलाही तेवढा वेळ जातो.

आणि गावाला कळवावे लागेल. हे तर कोणाच्या मनातच येत नाही. अनेक केंद्रांच्या दर्शनी भिंतीवर वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक तेलरंगात लिहिलेला असतो. मी एका ठिकाणी वाचून फोन लावला तर तो डॉक्टर तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला. त्याने शांतपणे विचारले, “काय त्रास होतोय?” आणि निम्मी तपासणी फोनवरच केली. त्याला अजूनही असे फोन येतात, तो म्हणाला. भिंत रंगवायचे अनुदान पुढच्या वर्षी येणार होते.

सीमेवर गेलात की हे आणखी बोचते. सिंधुदुर्ग आरोग्य खात्याच्या हिशेबी कोल्हापूर परिमंडळात. पण दोडामार्ग-बांद्याच्या आजारी माणसाचा पाय वळतो तो गोव्यातल्या बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजकडे. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो रस्ता आहे. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत माकडताप दिसला, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांमध्ये. २०१६ मध्ये तो दोडामार्ग-सावंतवाडी भागात आला. मूळ रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीतून पसरणारा. तीन राज्ये, एकच सह्याद्री, एकच गोचीड. या रोगाची पहिली खबर दवाखान्यात येत नाही. ती रानात पडलेली असते, मेलेल्या माकडाच्या रूपाने. ते बघतो काजू वेचणारा, वनरक्षक, गुराखी. मेलेल्या माकडाची बातमी ना कर्मचारीविषयक, ना उपचारविषयक. ती कुठल्या ग्रुपवर टाकायची? सीमेपलीकडच्या कुठल्या डॉक्टरला सांगायची? त्याचा नंबर कोणाकडे असतो? असतो तो बहुधा एखाद्या जुन्या आरोग्य सेवकाकडे, कारण एकदा लसीकरणाच्या मोहिमेत दोघे एकाच नाक्यावर उभे होते. तो निवृत्त झाला की दोन राज्यांमधला तेवढा पूल पडतो. आणि रोग्याच्या बाजूने बघाल तर बांबोळीहून सुटताना मिळालेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो स्वतःच गावच्या दवाखान्यात आणतो. दोन सरकारांमधला संपर्क म्हणजे ती पिशवी.

निवृत्तीवरून आठवले. निरोप समारंभ आपल्याकडे फार जिव्हाळ्याने होतात. शाल, श्रीफळ, साडी, सपत्नीक किंवा सपतीक सत्कार, तालुक्याहून आलेल्या साहेबांचे भाषण, ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘कामाचा ध्यास’. मावशीच्या निरोपाला मी होतो. चार जण बोलले. चौघांनीही ती प्रेमळ होती असे सांगितले, जे आम्हा घरच्यांना नवीन होते. तिने एकोणतीस वर्षांत साडेतीन हजारांवर बाळंतपणे केली असतील. त्यांतले एखादे कसे अडले आणि कसे सुटले, हे तिला कोणी विचारले नाही. समोर तीन नव्या नर्स बसलेल्या होत्या, एक तर आठवड्यापूर्वीच रुजू झालेली. माइक मावशीच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, “काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला,” आणि बसली. समोसे गरम होते, लोक घाईत होते.

पुढच्या आषाढात मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री पावणेदोनला तिचा फोन वाजला. नवीन सिस्टर. मागे कोणीतरी मोठ्याने रडत होते, पाऊस पत्र्यावर पडत होता. मावशी उठून बसली, चष्मा न लावताच बोलू लागली. आधी विचारले, चावून किती वेळ झाला. मग, लघवीत रक्त आहे का. मग बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “औषधांच्या कपाटात नाही गं. वरच्या फळीवर बघ, बिस्किटांचा डबा आहे.”